डावी गाठ

माझ्या थोरल्या जावेला कुणी नावं ठेवली तर मी आजही बाह्या सरसावून भांडायला उभी राहीन, हे आधीच सांगून ठेवते. तिला नावं ठेवायचा हक्क माझा एकटीचा. तीस वर्षं एका जिन्याच्या खाली-वर राहून तो मी कमावलाय. तोंडावर मी तिला अहो-जाहो करते, जाऊबाई म्हणते. इथे मनातलं सांगायचंय म्हणून 'ती'.

आम्ही दोघी सख्ख्या भावांच्या बायका. ती वर, मी खाली. मोठे दीर जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही, तेव्हापासून ती फुग्यांच्या सजावटीवर पोट भरत होती. वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन, शाळेचा कार्यक्रम, कुणाची बढती, कुणाचा निरोप. सकाळचा चहा झाला की वरचं दार आतून लागायचं. मग पंपाची फुसफूस सुरू. एखादा फुगा फुटला की माझ्या छताला हादरा, आणि त्याच्यामागून तिचं हळूच "मेल्या". दुपारी दार उघडायचं तेव्हा खोलीभर माळ पडलेली असायची. ती एका जुन्या मच्छरदाणीत गुंडाळायची आणि रस्त्याने चालत न्यायची. वाऱ्याच्या दिवशी ती मच्छरदाणीला ओढतेय की मच्छरदाणी तिला, हे लांबून कळत नसे.

दार लावायचं कारण सगळ्या गल्लीला माहीत होतं. तिची गाठ.

फुग्यांची माळ करायला फार अक्कल लागते असं नाही. दोन फुग्यांच्या माना दोऱ्याने बांधायच्या, झाली जोडी. दोन जोड्या एकमेकींत पिळायच्या, झाली चौकडी. अशा चौकड्या दोरीवर ओवत जायचं. पण त्यातला एक फुगा फुटला की चौकडी सैल पडते आणि संध्याकाळपर्यंत माळ लोंबायला लागते. जाऊबाईंच्या माळेत दोरा नाही, दोरी नाही. फुग्यांच्या मानाच ती एकमेकींत अशा गुंतवायची की गाठीला छोटीशी शेपटी सुटायची आणि त्या शेपटीत पुढची जोडी जाऊन बसायची. एक फुगा फुटला तरी शेजारचा तसूभर हलत नसे. तिसऱ्या दिवशीसुद्धा माळ ताठ. ती डावखुरी, म्हणून तिने गाठीला नाव ठेवलं डावी गाठ. कुणी शिकव म्हटलं तर हसून म्हणायची, "ती उजव्या हाताच्या माणसांना येत नाही." खोटं होतं ते. पण पोटासाठी माणूस एवढं खोटं बोलतोच.

आणि मी? मीही फुग्यांतच. आमच्या घराण्यात हवा चांगली खेळती आहे, असं आमचे हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात आणि स्वतःच हसतात. मी फुग्यांच्या कंपनीत तयार पाकिटं भरायची. एकशे वीस फुगे, भोकं पाडलेली प्लास्टिकची पट्टी, डिंकाच्या टिकल्या, एक रिबीन आणि एक पत्रक. वर छापलेलं, 'वीस मिनिटांत पार्टी तयार'. वीस मिनिटांत नुसतं पाकीट उघडतं, असं आम्ही भरणाऱ्या बायका म्हणायचो. लांबलचक हॉल, मध्ये टेबल, दोन्ही बाजूंनी आम्ही, आठ तास उभ्या. हॉलमध्ये खुर्ची एकच, सुपरवायझर बाईंची. बावन्नाव्या वर्षी माझे गुडघे असे झाले होते की घरी आल्यावर चपला काढायला नातीला बोलवावं लागे.

नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. तिचा पाचवा वाढदिवस रविवारी होता. मी पंधरा दिवस आधीच पाकीट घरी आणलं होतं. कामगारांना वर्षाला एक पाकीट मिळतं, पण हे मी स्वतः निवडून भरलं होतं. रंग उडालेला एकही फुगा नाही, जाड रबराचेच, आणि एकशे वीसच्या जागी एकशे तीस. दहा जास्तीचे, चोरलेच म्हणा. रात्रीची जेवणं झाल्यावर मी ते टेबलावर ठेवलं, सगळ्यांच्या मधोमध.

सूनबाईने ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, परत ठेवलं.

"आई, एक बोलू का? रागावणार नसाल तर."

असं कुणी विचारलं की मी आधीच रागावते. पण म्हटलं, "बोल."

"माळ काकूंच्या हातची करूया ना. पाकिटातली माळ पाकिटातलीच दिसते हो."

"पाकिटातली म्हणजे काय, मी बाहेरून विकत आणलंय का? माझ्या हाताने भरलंय एकेक."

"भरलंय तुम्ही, आई," ती म्हणाली, आणि खरंच अगदी प्रेमाने म्हणाली. "केलेलं नाही ना."

मी मुलाकडे बघितलं. तो मोबाइलमध्ये. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "पिकतं तिथे विकत नाही," आणि ताट उचलून मोरीकडे गेले. नात तेवढ्यात ओरडली, "काकूआजीची माळ, काकूआजीची माळ." झालं, निकाल लागला. सगळ्या जगाच्या पार्ट्या मी भरून पाठवते आणि माझ्या घरात माझं पाकीट कुणाला नको. मी ते उचललं आणि कपाटावर फेकलं. आवाज व्हावा म्हणूनच फेकलं.

दुसऱ्या दिवशी वर विचारायला मलाच जावं लागलं. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "जाऊबाई, रविवारी मोकळ्या आहात का?"

"मोकळीच ठेवलाय रविवार," ती म्हणाली. "म्हटलं तू विचारतेस की नाही कोण जाणे. तुझं पाकीट आहे ना."

"पाकीट आहे. पण तुमची माळ हवीय सगळ्यांना."

तिने माझ्याकडे जरा बघितलं. मूर्ख नव्हती ती. "मग खालीच येऊन करते," ती म्हणाली. "दोन खांबांची मोठी कमान करू. इथे केली तर जिन्यातून उतरायची नाही. आणि तू बस माझ्याबरोबर. दोघींनी करू."

"तुम्ही तर दार लावता."

"घरच्या माणसांना कसलं दार लावायचं," ती म्हणाली.

रविवारी सकाळी टेबल भिंतीला सरकवून आम्ही जमिनीवर समोरासमोर बसलो. तिने पंप माझ्याकडे दिला. शंभरेक फुगे मी फुगवले, मग ती म्हणाली, "आता बघ नीट." डाव्या हाताचा अंगठा दोन्ही मानांच्या मधून आत, मान त्याच्याभोवती एक वेढा, दुसरी मान उलटी खालून, आणि अंगठा काढता काढता ओढ. पापणी लवायच्या आत गाठ बसली. बाहेर शेपटी. माझे पहिले नऊ फुटले. दहावा निसटून सूनबाईच्या तोंडावर गेला आणि ती पातेलं टाकून हसत सुटली. अकरावी जोडी जमली. जाऊबाईंनी ती हातात घेऊन ओढून बघितली आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की जणू त्यांचीच पहिली गाठ असावी.

बघा, 'त्या' म्हटलं मी. त्या क्षणाला 'त्या'च होत्या माझ्यासाठी.

"पण तुझा हात उलटा चालतोय," ती म्हणाली. "समोर बसून शिकलीस ना, आरशातल्यासारखं झालं. माझं डावं ते तुझं उजवं. चालेल, गाठ तीच आहे." फक्त तिची जोडी माझ्या जोडीत बसेना. शेपट्या एकमेकींच्या उलट्या. मग तिने तोड काढली. कमानीचा एक खांब तिने करायचा, दुसरा मी, आणि वर जिथे दोन्ही भेटतील तिथे कापडाचं मोठं फूल.

बारा वाजता ती अचानक थांबली आणि म्हणाली, "एक सांगू? हे बाहेर कुणाला दाखवू नकोस हं. आणि तुझ्या कंपनीत तर मुळीच नको. माझं सगळं पोट या एका अंगठ्यावर आहे."

"मी काय वेडी आहे का?" मी म्हटलं.

"नाहीस," ती म्हणाली, "म्हणूनच सांगितलं."

पार्टी झकास झाली. कमान बघून येणारा प्रत्येक माणूस दारातच थांबायचा. कुणी केली, कुणी केली? सूनबाई प्रत्येकाला सांगायची, काकूंनी. जाऊबाई स्वतः म्हणाली, एकदा नाही, तीनदा, "अर्धी हिने केलीय, तो डावीकडचा खांब पूर्ण हिचा आहे." लोक हसायचे. किती मोठं मन हो तुमचं, म्हणायचे. म्हणजे मी खांब केला यावर कुणाचा विश्वास नाही, आणि ती तसं सांगते म्हणून मोठेपणाही तिलाच. केक कापताना नात तिच्या मांडीवर. फोटो निघाले कमानीखाली. मी तेव्हा आत कप विसळत होते, आणि कुणीतरी हाक मारील म्हणून नळ बारीक सोडून कान देऊन उभी होते. कुणी मारली नाही. मी जळत होते. याला दुसरा शब्द मला माहीत नाही, आणि शोधायचाही नाही.

बुधवारी कंपनीत मॅनेजर हॉलमध्ये आला. त्याला आम्ही हसऱ्या म्हणायचो. पगार कापायचा असला तरी तो हसतच सांगायचा. त्या दिवशी त्याच्या हातात परत आलेली पाकिटं होती. पट्टी तुटते, टिकल्या सुटतात, माळ केक कापायच्या आधीच खाली येते. तक्रारींचा ढीग पडलाय म्हणाला. "लोक म्हणतात, घरी हाताने केलेलीच बरी. तुमच्यापैकी कुणाला काही सुचतंय का?" आणि जाता जाता, जसं काही सहज, "सुपरवायझर बाई महिनाअखेरीस लेकीकडे राहायला चालल्यात. त्यांच्या जागी मला डोकं चालवणारी बाई हवीय."

सगळ्या बायकांनी माना खाली घातल्या. मी खुर्चीकडे बघितलं. साधी लोखंडी खुर्ची, वर एक मळकी उशी. आठ तास टेकायला मिळेल एवढाच विचार होता, देवाशप्पथ. नाही, एवढाच नव्हता. त्या नळाखालचे कपही होतेच डोक्यात.

"मला येते एक गाठ," मी म्हटलं.

दोन जोड्या करून दाखवल्या. त्याने ओढून बघितल्या, टाचणीने एक फुगा फोडला, दुसरा जागचा हलला नाही. त्याचं हसू पहिल्यांदाच थांबलं. मग मोबाइल काढला आणि म्हणाला, पुन्हा करा, सावकाश. मी सावकाश केली. त्याने विचारलं, "कुठे शिकलात?"

"घरीच," मी म्हटलं.

खोटं कुठे होतं त्यात? घरी येईपर्यंत मी हेच घोकत होते. घरीच शिकले. अर्धी माळ माझी होती, तर अर्धी गाठही माझी. आणि माझ्या हाताने ती उजवी पडते, म्हणजे डावी गाठ नव्हेच ती, वेगळीच झाली. माणसाला एकदा पटवायचं ठरवलं की काय वाट्टेल ते पटतं, आणि स्वतःला पटवणं तर सगळ्यात सोपं.

दीड महिन्यात नवीन पाकीट बाजारात आलं. पट्टी नाही, टिकल्या नाहीत, नुसते फुगे आणि पत्रक. नाव 'घरची माळ'. खाली बारीक अक्षरांत, 'हाताने केलेली वाटते, कारण तुम्हीच हाताने करता'. पत्रकावर सहा चित्रं, माझ्याच हातांची, पण नखं गुलाबी आणि बोटं बारीक केलेली. गाठीला नाव दिलं होतं 'मायेची गाठ'. मला खुर्ची मिळाली. पहिल्या दिवशी मी तिच्यावर बसले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, गुडघ्यांना एवढं बरं वाटलं. हेही खरं आहे, तेही लिहून ठेवा.

पाकीट धडाक्यात गेलं. ज्या बायका 'घरी केलेली की तयार' म्हणून दुकानात घुटमळायच्या, त्यांना आता घुटमळायचं कारण उरलं नाही. दोन्ही एकातच. वर पंपाची फुसफूस आधी दोन दिवसांआड झाली, मग आठवड्यातून एकदा. शाळेच्या बाईंनी तिला सांगितलं म्हणे, यंदा मुलांच्या आयाच करणार आहेत सजावट, ते नवीन पाकीट मिळतं ना, अगदी तुमच्यासारखीच होते माळ.

एका संध्याकाळी ती खाली आली. मी भाजी चिरत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिने पत्रक उलगडून माझ्यासमोर ठेवलं, हाताने चुण्या सपाट केल्या. माझी सगळी उत्तरं तयार होती. अर्धी माझी होती. तुम्हीच शिकवलीत. मला काय मिळालं, एक खुर्ची. तुम्हाला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं तेव्हा मी कुठे होते? एकेक शब्द मी महिनाभर परजून ठेवला होता.

ती म्हणाली, "चित्रातला हात उजवा आहे."

मी सुरी खाली ठेवली.

"मी आधी दुकानातच उघडून बघितलं," ती म्हणाली. "म्हटलं, कुणी माझ्या खिडकीतून वगैरे बघितलं असेल. मग हात बघितला."

"चहा टाकते," मी म्हटलं.

"नको."

आणि ती वर निघून गेली. बस, एवढंच. भांडली असती तर मी जिंकले असते. भांडणात मी आजवर कुणाला हार गेलेले नाही. तिने घरात कुणाला सांगितलं नाही. नात पूर्वीसारखीच वर खेळायला जात होती, सूनबाई वाटीत घालून भाजी देत होती, जिन्यात भेटली की ती मला विचारायची, गुडघे कसे आहेत तुझे. फक्त वरचं दार आता दिवसभर उघडं असायचं. लपवायला काही राहिलं नव्हतं आत. मी कामावरून आल्यावर जिन्याकडे न बघता घरात शिरायला शिकले.

पुढे दिवस असे आले की ती दुपारची एका शिवणाऱ्या बाईकडे काजं-बटणं करायला जाऊ लागली. मग ते काम सुटलं, नजर पोचेना म्हणून. हे मला सूनबाईकडून कळायचं. मी म्हणायची, "अगं, मग त्यांना म्हणावं जेवायला खालीच येत जा." सूनबाई म्हणाली, "म्हटलं आई. तुझ्या सासूला त्रास नको, म्हणाल्या."

आणि मग कंपनीने दुकानांसाठी तयार माळा करायचं काढलं. दुकानाच्या काचेत टांगायला नमुना हवा, लोकांनी बघून पाकीट घ्यावं म्हणून. त्यासाठी वेगळं टेबल, दहा बायका, आणि टेबलावर एकच लांब माळ सरकत जाते. पहिलीने जोडी लावली की दुसरी, मग तिसरी. फाटकावर पाटी लागली, फुगे बांधता येणाऱ्या बायका पाहिजेत. परीक्षा घेणार मी.

सोमवारी सकाळी दहाजणी रांगेत होत्या. चौथी जाऊबाई.

चांगले कपडे घातले होते, केस चापूनचोपून बसवलेले, हातात पर्स. माझ्याकडे बघून तिने मान हलवली, कुठल्याही बाईने सुपरवायझरकडे बघून हलवावी तशी. तिला माहीत होतं परीक्षा कोण घेणार ते. माहीत असून आली होती. म्हणजे घरात काय परिस्थिती असेल ते मला कळलं, आणि कळल्यावर मला तिचा राग आला. माझ्याच समोर यायचं होतं का? दुसऱ्या कुठल्या फाटकावर पाटी नव्हती?

हसऱ्या माझ्या शेजारी उभा होता. तो कागद बघून म्हणाला, "अनुभव?"

"फुगे बांधते," ती म्हणाली.

"आमचं पत्रक बघितलंय ना? तीच गाठ लागते इथे. दहा जोड्या, दहा मिनिटं, आणि चालू माळेत जोडायच्या."

परीक्षेसाठी ठेवलेल्या स्टुलावर ती बसली. पहिल्या जोडीला हात लागला तशी शेजारची बाई आपलं काम सोडून बघायला लागली. मग दुसरी. टेबलावरची माळ थांबली. मी पाकिटांच्या कंपनीत बारा वर्षं आहे, अनेक हात बघितलेत, पण असा हात नाही. चार मिनिटांत दहा जोड्या, एकही फुगा फुटला नाही, सगळ्यांच्या शेपट्या एका मापाच्या. मग तिने पहिली जोडी उचलली आणि चालू माळेला लावायला गेली. बसेना. पुन्हा लावली. निसटून खाली पडली. टेबलावरची सगळी माळ उजव्या हाताची होती.

हसऱ्याने जोडी उचलली, फिरवून बघितली. "बाई, तुम्ही उलटी मारताय. पत्रक नीट बघितलं नाहीत."

"बघितलं."

"मग?"

तिने माझ्याकडे बघितलं. विनवणी नव्हती त्या बघण्यात, राग नव्हता. नुसती वाट बघत होती. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की साहेब, ही गाठ यांचीच आहे. पण मग तो विचारणार, तुम्ही तर म्हणालात घरी शिकले. मग रांगेतल्या दहाजणी ऐकणार, टेबलावरच्या सगळ्या ऐकणार, आणि संध्याकाळी मी कुठल्या तोंडाने खुर्चीवर बसणार. मी बोलायला तोंड उघडलं होतं, हे कुणाला पटायचं नाही, पण उघडलं होतं.

हसऱ्या माझ्याकडे वळला. "काय बाई, बरोबर आहे का ही गाठ?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "चुकीची आहे."

तो हसला. "हात चांगला आहे त्यांचा. वळण चुकीचं लागलंय, एवढंच. शिकवा तुम्ही, दोन दिवस बघू." आणि तो गेला.

टेबलावरची माळ पुन्हा सरकू लागली. मी तिच्यासमोर दुसरं स्टूल ओढलं आणि तसंच सोडून दिलं. समोर बसून दाखवली तर ती पुन्हा आरशातली घेणार, पुन्हा डावीच मारणार. उजवी शिकवायची तर मागे उभं राहायला हवं. मी तिच्या मागे गेले, वाकले, आणि तिची दोन्ही मनगटं धरली. गार होती. तीस वर्षांत मी तिचा हात असा कधी धरला नव्हता, मोठे दीर गेले तेव्हासुद्धा नाही. तिचा डावा अंगठा आपोआप मानांच्या मधे शिरला. मी तो बाहेर काढला. उजवा आत सरकवला. गाठ सैल पडली. पुन्हा डावा आत गेला, पुन्हा मी बाहेर काढला. तिचे केस माझ्या हनुवटीला लागत होते, आणि ती अगदी शहाण्या मुलीसारखी हात ढिले सोडून बसली होती. शेजारणी बघत होत्या.

"सवयीचा हात आहे," मी खालच्या आवाजात म्हटलं. "वेळ लागेल, जाऊबाई."

तिने मान वळवली नाही. नवे दोन फुगे उचलले, माना सरळ केल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा साध्या आवाजात म्हणाली, "पुन्हा एकदा दाखवा ना, बाई. मला तुमच्यासारखी येत नाही."

मला ती आजवर 'तू' सोडून काही म्हणाली नव्हती.

मी पुन्हा दाखवली.